दंडाचा आकडा ठरण्याआधी एक प्रश्न विचारा : कोल्हापूर जिल्ह्यातील वकिलांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व वकील बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही. कोर्टाच्या फाटकाबाहेर सव्वीस वर्षं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. तुमच्यातल्या कित्येकांचे जामीन अर्ज, मुदतीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं माझ्या हाताखालून गेली आहेत. आधी टाइपरायटरवर, आता संगणकावर. ज्युनिअर मंडळी मला काका म्हणतात, त्या नात्यानं लिहितोय. कुठल्या कोर्टाबाहेर माझं दुकान आहे ते लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते एकट्या त्या कोर्टाचं नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट. जानेवारीतला शुक्रवार, दुपारचे पावणेचार झाले असतील. एक बाई कडेवर पोर घेऊन धावत दुकानात आली. बीडकडची, ऊसतोडीला आलेली. लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट, बोटांवर पाचटानं कापलेले बारीक चरे. "दादा, यात काय लिव्हलंय ते वाचून दावा," म्हणाली. नवऱ्यानं आदल्या हंगामात तळावर पाण्यावरून भांडण काढलं होतं, शेजारच्या कोपीतल्या माणसाला काठी मारली होती. त्यानं गुन्हा कबूल केला होता. निकालाच्या कागदावर शेवटची ओळ होती : दंड रुपये ६,०००, दंड न भरल्यास एक महिना साधी कैद.

मी वाचून दाखवलं. तिनं कमरेची पिशवी सोडून माझ्या टेबलावर उपडी केली. पाचशेच्या चार नोटा, शंभराच्या एकोणीस, बाकी दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर. मी दोनदा मोजले. ४,३०० भरले. ती आत पैसे घेऊन गेली होती, तिला "पूर्ण रक्कम आणा" एवढंच सांगून परत पाठवलं होतं. १,७०० रुपये कमी होते आणि शुक्रवारचे चार वाजत आले होते. माझ्या गल्ल्यात त्या वेळी सहाशे-सातशे होते. ते देऊ केले, पण त्यानं भागत नव्हतं. संध्याकाळी पोलिस गाडीतून तिच्या नवऱ्याला नेलं. पोर "बा, बा" करत गाडीच्या मागं धावलं, तिनं त्याला हाताला धरून ओढलं.

मंगळवारी तो सुटला. तोडणीला मजूर आणणाऱ्या मुकादमानं १,७०० रुपये दिले आणि वहीत २,००० लिहिले.

आपल्याकडं ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे तुम्हाला माहीत आहे. मजुरी टनावर, आणि हंगाम सुरू होण्याआधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं यावं लागतं. चार दिवस नवरा आत, म्हणजे चार दिवस कोयता बंद. वर खाडा धरला जातो. सरकारी तिजोरीत सहा हजार जमा झाले आणि मुकादमाच्या वहीत तिच्या नावावर दोन हजार चढले. पहिला आकडा निकालपत्रात आहे, दुसरा कुठंच नाही. आणि ज्याच्या डोक्याला टाके पडले होते, त्याला या सगळ्यातून एक रुपया मिळाला नाही. दंडाच्या रकमेतून जखमी माणसाला भरपाई द्यायचा अधिकार कोर्टाला आहे. पण तो मागायचा कुणी?

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढं. दोन आठवड्यांनी लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या, एक वकीलबाई अर्ज टाइप करायला आल्या. त्यांना मी ही हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "काका, त्याला आत जायचं काहीच कारण नव्हतं. हप्ते मागायचे होते." मग त्यांनी मोबाइलवर कलम उघडून माझ्यासमोर धरलं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४६४. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तेच ४२४ होतं. नुसती दंडाची शिक्षा झाली आणि आरोपी तिथल्या तिथं भरू शकला नाही, तर कोर्ट त्याला पूर्ण रकमेसाठी तीस दिवसांपर्यंतची मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. तोवर कैदेचा अंमल थांबवून त्याला बंधपत्रावर घरी सोडता येतं. म्हणजे तिच्याजवळचे ४,३०० त्याच दिवशी पहिला हप्ता म्हणून भरता आले असते आणि १,७०० महिन्याभरात.

त्याच्याही पुढची एक तरतूद आहे. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या आठव्या कलमात उदाहरणासकट लिहिलंय : हजार रुपये दंड आणि न भरल्यास चार महिने कैद असेल, आणि पहिला महिना संपायच्या आत ७५० रुपये भरले, तर महिना संपताच माणूस सुटला पाहिजे. जेवढा दंड भरला, तेवढी कैद कटते. हे १८६० च्या दंड संहितेतही होतं, फक्त तिथं आकडे शंभर आणि पंचाहत्तर होते. म्हणजे कोर्टाबाहेर माझं दुकान निघालं त्याच्याही किती आधीपासून हा कायदा आहे. सव्वीस वर्षांत माझ्याकडून शेकडो जामीन अर्ज टाइप झाले. दंडाच्या हप्त्यांचा अर्ज मी एकही टाइप केलेला आठवत नाही. मुदतीचे अर्ज आठवतात, ते सगळे तारखेच्या मुदतीचे.

त्या दिवशी त्या माणसाच्या बाजूनं उभे असलेल्या वकिलांना मी दोष देत नाही. बोर्डावर त्या दिवशी किती मॅटर होत्या हे मी बघितलंय. पण गुन्हा कबूल, दंड सांगितला, पुढची मॅटर, असं होतं तेव्हा मधला जो अर्धा मिनिट असतो, तो तुमचाच असतो. न्यायाधीशांना त्याच वेळी कुणीतरी सांगायला हवं : साहेब, हा कोयत्यावर आहे, हातात इतके आहेत, हप्ते द्यावेत. मी बाहेर बसून ते सांगू शकत नाही.

म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय, न्यायाधीशांना किंवा सरकारला नाही.

कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच यावं म्हणून तुम्ही चार दशकांहून जास्त काळ लढलात. मोर्चे, धरणं, कामबंद, सगळं मी बघितलंय. कामबंदच्या दिवसांत माझंही दुकान रिकामं असायचं आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांतल्या माणसाची मुंबईची फेरी वाचली. त्या लढ्यात तुमचा मुद्दा एकच होता : न्याय गरिबाला परवडला पाहिजे, एका तारखेसाठी मुंबईला जाण्यात त्याचं घर बुडता कामा नये. मला तेव्हा तो मनापासून पटला. तोच मुद्दा आता खालच्या कोर्टातल्या सहा हजारांच्या दंडाला लावून बघा, एवढीच विनंती.

दंडाच्या विरोधात मी नाही. कैदेपेक्षा दंड कधीही बरा. पण सहा हजार म्हणजे एकाचा महिन्याभराचा घाम आणि दुसऱ्याचं एका रात्रीचं हॉटेलचं बिल. लायसन्स नसताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच हजार दंड आहे. उसाची ट्रॉली ओढणाऱ्यालाही पाच हजार, बापाच्या मोठ्या गाडीतून ताराबाई पार्कात फिरणाऱ्यालाही पाच हजार. त्या दुसऱ्याला तो दंड लागतो का? फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड दिवसांत मोजतात. गुन्ह्याचे दिवस कोर्ट ठरवतं आणि एका दिवसाची किंमत त्या माणसाच्या मिळकतीवरून काढतात. म्हणून तिथं वेगानं गाडी चालवल्याबद्दल एका बड्या कंपनीच्या अधिकाऱ्याला लाखभर युरोंच्या वर दंड बसला होता. आपल्याकडं तसा कायदा नाही. पण मिळकत विचारायला कायद्याची मनाईही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सांगितलंय की दंड न भरल्याबद्दलची कैद ही गुन्ह्याची शिक्षाच नव्हे, ती पैसे न भरल्याबद्दलची आहे, आणि ती ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप आणि त्या माणसाची परिस्थिती बघितली पाहिजे. परिस्थिती कागदावर आलीच नाही तर न्यायाधीश बघणार कशी?

दंडाची गोष्ट निघाली की मला राजर्षी शाहू महाराजांचा एक दंड आठवतो. १९१७ मध्ये महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळात एक रुपया काही थोडका नव्हता. पण आधी त्यांनी फी काढून टाकली, मग दंड लावला. दंड टाळायचा मार्ग गरिबातल्या गरिबाला खुला होता : पोराला शाळेत घाल. आमच्या त्या बीडच्या बाईला शुक्रवारी पावणेचारला कुठला मार्ग खुला होता, सांगा.

आणि दंड म्हणजे नुसता दंडाचा आकडा नसतो. माझ्याच दुकानाचं सांगतो. वकीलपत्राचा स्टॅम्प, टायपिंग पानाला वीस रुपये, आधार आणि रेशनकार्डाच्या तीन-तीन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या, वडाप किंवा एसटीचं भाडं, आणि प्रत्येक तारखेला बुडालेला रोज. दंडाचा आकडा ऐकायच्या आधीच माणूस तीन-चार हजारांनी खाली आलेला असतो. गुन्हा न करताही पुष्कळ लोक कबूल करून मोकळे होतात, ते याच हिशोबानं. मी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहितो : "काका, तारखा परवडत न्हाईत, दंड परवडला."

जामिनाचंही तेच. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना मोतीराम खटला पाठ असेल. १९७८ चा. मध्य प्रदेशातला एक गवंडी. दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ जामीन राहायला आला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. त्याला आता जवळजवळ पन्नास वर्षं होत आली. तरी शिरोलीच्या फाउंड्रीतला बिहारचा पोरगा, इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कामगार, बीडचा ऊसतोड्या, यांच्यासाठी मी आजही "स्थानिक जामीनदार" असेच शब्द टाइप करतो. स्थानिक सातबारा त्यांनी कुठून आणायचा? मग फाटकाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतात. त्यांना तुम्ही ओळखता, मीही ओळखतो.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं यावर अगदी स्पष्ट निर्देश दिले. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टानं स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. आणि स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळं सुटका अडत असेल, तर ती अट घालू नये असं कोर्ट म्हणालं. जामीनपात्र गुन्ह्यात तर आठवड्यात जामीनदार न मिळालेला माणूस गरीब समजून जातमुचलक्यावर सोडायचा, असं कायदाच सांगतो.

पैशांचीही सोय आहे. गरीब बंद्यांना मदतीची केंद्राची योजना २०२३ मध्ये आली, वर्षाला वीस कोटींची. त्या वर्षीच्या नियमावलीनुसार दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम मिळायची सोय होती. भ्रष्टाचार, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, दहशतवाद अशा गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि ते योग्यच आहे. निर्णय जिल्ह्याची समिती घेते. तिच्यात जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलिस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि एक न्यायाधीश असतात. म्हणजे पैसे दिल्लीत असले तरी सही कोल्हापुरात होते. तिथं नाव पोचवायचं काम मात्र तुमच्याशिवाय कुणी करणार नाही. मूळ शिक्षा भोगून झाली आणि आता केवळ दंड भरला नाही म्हणून आत आहे, असा एक जरी माणूस आपल्या जिल्ह्यात निघाला, तरी वकिलांच्या बार रूममध्ये त्याचं नाव फळ्यावर लागलं पाहिजे असं मला वाटतं.

आता कायद्याच्या बदलाविषयी. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी कलमांचे तक्ते माझ्याकडून लॅमिनेट करून नेले. त्या तक्त्यांत कलम क्रमांक बदललेले दिसतात, रकमा दिसत नाहीत. साध्या दुखापतीचा दंड पूर्वी जास्तीत जास्त हजार होता, आता दहा हजार. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पूर्वी दहा हजारांपर्यंत दंड करू शकत होते, आता पन्नास हजार. रुपयाची किंमत घसरली, म्हणून आकडे वाढवले, हे मी समजू शकतो. पण ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, तो दंड न भरल्याची कैद पूर्वी जास्तीत जास्त सहा महिने होती, ती दहा हजारांवरच्या दंडाला आता एक वर्षापर्यंत गेली. माणसाचं आयुष्य तर महाग झालेलं नाही. गुन्हा इतका हलका की कायद्यानं त्याला तुरुंगवास ठेवलाच नाही, आणि पैसे नाहीत म्हणून वर्षभर आत? हे बदललं पाहिजे.

फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, विषय आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्र स्वतःपुरती दुरुस्ती करू शकतो. सहा जिल्ह्यांच्या वकील संघटनांनी मिळून एक ठराव केला आणि आमदारांच्या हातात दिला, तर तो वाचला जाईल; सर्किट बेंचच्या वेळी तुमचे ठराव वाचले गेले तसा. माझ्या मते त्यात दोन गोष्टी याव्यात. दंड आणि न भरल्याची कैद ठरवण्याआधी मिळकतीची चौकशी कोर्टाला सक्तीची असावी. आणि हप्ते तीनाच्या ऐवजी बारापर्यंत मिळावेत, कारण तीन हप्ते म्हणजे फार तर तीन महिने, आणि हंगामावर जगणाऱ्या माणसाचा पैसा तीन महिन्यांत येत नाही. आणखी काय हवं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहाल.

नव्या कायद्यातली एक चांगली गोष्टही इथंच सांगतो, कारण तीही वापरात यायला हवी. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला, किंवा पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असून माल परत केला, अशा काही गुन्ह्यांत आता समाजसेवेची शिक्षा देता येते. रंकाळ्याचा काठ झाडायला लावा, पंचगंगा घाटावरचं निर्माल्य उचलायला लावा. त्यातून मुकादमाच्या वहीत काही चढत नाही. आणि १९५८ चा परिवीक्षा कायदा तर आहेच. समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची सोय त्यात आहे. पहिल्याच गुन्ह्यात दंडाऐवजी तो मागावा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या हातात जे आहे ते मी केलंय. त्या वकीलबाईंच्या मदतीनं कलम ४६४ खालचा हप्त्यांचा अर्ज तयार केलाय, मराठीत, अर्ध्या पानाचा. त्यात चार जागा कोऱ्या आहेत : नाव, रोजची मिळकत, घरात खाणारी माणसं, आज हातात असलेली रक्कम. निकालाच्या दिवशी उभ्या उभ्या पेनानं भरता येईल असा. शंभर प्रती काढून दुकानात डाव्या हाताच्या फळीवर ठेवल्या आहेत. त्यांचे पैसे मी घेणार नाही. ज्युनिअरना धाडा, दहा-दहा घेऊन जा, फायलीत ठेवा. मजकुरात चूक असेल तर लाल पेनानं दुरुस्त करून मला परत द्या, मी पुन्हा टाइप करतो.

ऑक्टोबरच्या शेवटी बीडच्या गाड्या यायला लागतील. त्याच्या आत एवढं झालं तर बरं.

आपला,
कोर्टाच्या फाटकाबाहेरचा टायपिस्ट